खोड

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी, चहानंतर,
मी वहीच्या समासात लिहिलं: स्टेम म्हणजे खोड.
मग खोडलं.
समोरचे साहेब विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित
अशी चार बोटं मोजत होते
कन्नडमधून, भरभर,
आणि मला समजलं त्यातलं निम्मं
बोटांवरूनच.

जीवशास्त्राचं साहित्य स्वतः तयार करा, म्हणाले.
स्थानिक वस्तूंतून. कमी खर्चात.
अहवालाला फोटो जोडा.

परतताना बेळगुंदीच्या बसमध्ये
पायाशी कुणाचं तरी पोतं,
फाटक्या कोपऱ्यातून एक बटाटा डोळे वटारून बघणारा.
डोळे. ते खोडाला असतात, मुळाला नाही.
वीस वर्षं शिकवतेय: रताळं मूळ, बटाटा खोड,
आणि वीस वर्षं पोरं पेपरात उलटं लिहितात,
तीच पोरं, ज्यांनी आदल्या रविवारी
दोन्ही खणून काढलेली असतात.

तहसीनच्या अब्बांनी उद्यमबागेत
लेथवर पितळेची नळी कातून दिली,
सूक्ष्मदर्शकासाठी. पैसे घेतले नाहीत.
"फट किती मायक्रॉनची ठेवू?" विचारलं,
आणि मी, एम.एस्सी., बी.एड.,
"बसेल एवढी," म्हणाले.
ते हसले नाहीत. तहसीन हसली.
भिंग बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेयरमधलं.
कांद्याच्या पापुद्र्यावर ते आधी नुसतं धुकं दाखवत राहिलं,
मग भरमा ओरडला,
"बाई, वीटकाम! कुणीतरी वीटकाम करून ठेवलंय आत!"

दहावी ब. दोन बरण्या.
शहापूरच्या सराफाकडून उसना आणलेला काटा.
बटाट्याच्या पट्ट्या, पाच सेंटीमीटर,
कापल्या, टिपल्या, तोलल्या, तक्त्यात मांडल्या.
एका बरणीवर मी चिठ्ठी लावली: मीठ.
दुसरीवर: साधं.
शिवलीला आठवीत कन्नड शाळेतून आमच्यात आली,
तिनं आपल्या लिपीत, आपल्या चिठ्ठ्यांवर लिहिलं
उप्पू,
आणि सादा नीरू.

दुपारी कुणीतरी बघितलं:
मीठ या बरणीवर, उप्पू त्या.

मागच्या बाकांवर लगेच दोन बाजू पडल्या.
बाईंची खरी. नाही, तिची खरी.
आवाज चढला, आणि मला ओळखीचा वाटला,
घराघरांत, कट्ट्यांवर ऐकलेला,
माझ्या जन्माआधीपासूनचा.
मी गप्प. खरं सांगू,
मलाही आठवत नव्हतं.
भरमाचं बोट बरणीकडे निघालं.
प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही,
हा नियम भिंतीवर मीच चिकटवलेला.

"बटाट्यालाच इचारूया की,"
शिवलीला म्हणाली.

एक पट्टी ताठ, टकटक वाजेल अशी,
पाच पूर्णांक दोन.
दुसरी समईतल्या वातीसारखी
तहसीनच्या बोटाभोवती गुंडाळली गेली,
तीन ग्रॅम चाळीसवरून दोन एकाहत्तर.
मिठानं पाणी ओढून घेतलं होतं,
आणि ती बरणी "साधं" म्हणून उभी होती
माझ्या अक्षरात.

मी चिठ्ठी सोलली. अर्धी फाटली, डिंक राहिला.
तक्त्याखाली पोरांनी लिहिलं:
निष्कर्ष: परासरण झाले. बाईंची चिठ्ठी बदलली.
हे वाक्य अहवालात ठेवावं का,
यावर मुख्याध्यापक अजून विचार करतायत.

परवा कपाट उघडलं तर
उरलेल्यातला एक बटाटा
पांढरा, बारीक कोंब काढून
कुलपाच्या भोकाकडे निघालेला.
"बाई, वाढालाय हा. नेऊ लावायला?"
"साहित्य आहे ते, भरमा. नोंदवहीत चढलंय."
तो जरा थांबला. बटाटा फिरवून बघितला.
"मग एक डोळा तेवढा कापून नेतो."